थांबली की बंद पडते

करवेट्टी
१९ जानेवारी १९९३

अण्णा,

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि पट्टी सुटली, हे चर्चच्या फादरांनी आणलेल्या निरोपातून कळलं. आता एका डोळ्याने का होईना, पण हे पत्र पुरतं वाचा. पोंगलच्या शुभेच्छांसाठी मी ते लिहीत नाहीये.

मणीला पाचवा महिना लागलाय. मागच्या वेळचं मनात आहे म्हणून ती तुम्हाला इतक्यात कळवणार नव्हती. मागच्या वेळचं मनात आहे म्हणूनच मी कळवतोय. तेव्हा बैलगाडी मिळाली ती उशिरा, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत मूल गेलेलं होतं. तुमची बहीण कशी वाचली ते तिथल्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. नेल्लियडीचे डॉक्टर म्हणतात, या वेळी पोट उघडूनच मूल काढावं लागणार. ते इथे होत नाही. जाफन्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, आणि कळा सुरू झाल्यावर फार वेळ हाताशी नसेल.

गावात चार चाकांच्या आता दोनच गाड्या. आरुमुगमची व्हॅन आणि तुमची जुनी ऑस्टिन ए-फॉर्टी. म्हणून तुमच्या म्हातारीबद्दल लिहितोय.

तुम्ही शिकवलंत तसंच सगळं करतो. बॅटरी नाहीच, त्यामुळे हँडल. डोळ्याच्या औषधाच्या बाटलीतून पेट्रोलचे चार थेंब कार्बोरेटरच्या तोंडात, मग हँडल, मग इंजिन तापलं की रॉकेलवर. चालू होते. रस्त्यावर मस्त पळते, चढालाही कुरकुर नाही. पण रेसवरून पाय उचलला की संपलं. आधी खोकते, मग अंग झाडल्यासारखी हलते आणि गप्प. चौकात थांबलो की बंद, बकरी आडवी आली की बंद. मग पुन्हा बाटली, पुन्हा थेंब, पुन्हा हँडल. नाकेबंदीमुळे पेट्रोल आता डोळ्यात घालायलासुद्धा मिळत नाही.

तुम्ही असताना ती फाटकाशी अर्धा अर्धा तास एकटी घुरघुरत उभी असायची. मणी म्हणायची, अण्णाची म्हातारी जपाला बसलीय. तुम्ही कोलंबोला गेलात आणि तिने हे सोंग सुरू केलं. काय झालंय तिला? मी गणिताचा मास्तर, इंजिनातलं मला काही कळत नाही. पण एकेक पायरी लिहून दिलीत तर मी चुकणार नाही.

शिवनेसन


कोटहेना, कोलंबो
२० फेब्रुवारी

शिवनेसन,

मला मामा करतोयस हे चार ओळींत आटपलंस आणि गाडीच्या खोकल्याला अर्धं पान दिलंस. मास्तर, तुझं अवघड आहे. मणीला शेवग्याच्या पाल्याची भाजी रोज खायला घाल, तिला आवडत नसली तरी. विहिरीचं पाणी तिने ओढायचं नाही.

आता गाडी. रॉकेलवर चालवली की प्लगवर काजळी धरते. चारही प्लग काढ, ब्लेडने खरवड, निखाऱ्यावर लाल कर, थंड होऊ दे, बसव. मग पॉइंट साफ कर. दोन पॉइंटच्या मध्ये पोस्टकार्ड अडकत अडकत गेलं पाहिजे, एवढीच फट. बस. कार्बोरेटरला हात लावायचा नाही. पुन्हा लिहितो, कार्बोरेटरला हात लावायचा नाही. एवढं करून फरक पडला तर पडला. नाही पडला तर राहू दे. पळतेय ना? पळणारी गाडी आहे तोवर थांबण्याची कशाला काळजी करतोस.

उत्तरेत परतायला लागणाऱ्या लष्करी पासचा अर्ज दिलाय. एप्रिलात, चित्तिरैच्या नव्या वर्षाआधी, मी घरी असेन. मी आलो की तिचं काम पान खाऊन होईपर्यंतचं आहे.

आणि एक. ही पत्रं तुझ्या हातात पडायच्या आधी इकडचे लष्करवाले वाचतात, मग तिकडची बंदूकवाली पोरं वाचतात. तेव्हा घरचं लिहीत जा. गाडीचं कमी.

सिन्नत्तुरै


करवेट्टी
१७ मार्च

अण्णा,

घरचं लिही म्हणालात. घरचंच लिहितो.

प्लग खरवडले, लाल केले. पॉइंट साफ केले, तुमचंच पोस्टकार्ड वापरलं. रॉकेलची नळी सायलेन्सरभोवती गुंडाळलीय ती कुठे गळत नाही ना तेही बघितलं. फरक शून्य. पाय उचलला की बंद.

गेल्या आठवड्यात पोरांनी सगळी वाहनं शाळेच्या मैदानावर बोलावली. आरुमुगमची व्हॅन शिवणयंत्रासारखी एका सुरात चालत होती. मग माझी पाळी. हँडल मारलं, चालू झाली. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, पाय काढा. काढला. बंद. असं तीनदा. तो बॉनेटवर थाप मारून म्हणाला, “मास्तर, हिच्यात कोंबड्या पाळा.” अख्खं मैदान हसलं. त्यात माझे नववीचे विद्यार्थी होते. आरुमुगमची व्हॅन त्यांनी पावती देऊन नेली. आमची ढकलत घरी आणली.

म्हणजे आता गावात एकच गाडी, ती ही अशी.

मला एक विचारायचंय, रागावलात तर रागवा. लग्नाच्या बोलणीत ही गाडी हुंड्यात धरलेली होती. मग तुम्ही म्हणालात, माझा भाड्याचा धंदा बसेल, गाडी माझ्याकडेच राहू दे. मी चकार शब्द काढला नाही. आज मात्र वाटतं, ती नीट झाली तर ती आमची होईल, याचीच तुम्हाला धास्ती आहे. नाहीतर ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह ढिला ते कळतं, तो मला प्लग खरवडायला सांगून मोकळा झाला नसता.

मार्कंडूला बोलावतोय. पोरांच्या सगळ्या गाड्या आता तोच बघतो. तो म्हणाला, कार्बोरेटर उतरवला की तासाभरात कळेल.

शिवनेसन

(खाली वेगळ्या शाईत)

अण्णा, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको. मैदानावरून आले आणि दिवसभर जेवले नाहीत. पण मलाही तुझं पत्र विचित्र वाटलं. गाडीबद्दल तू इतकं थोडं बोललेला मला आठवत नाही. काय ते मला तरी सांग. मणी.


कोटहेना
१२ एप्रिल

मणी,

नवं वर्ष परवा, आणि मी अजून इथेच. पास नाकारला. दुसऱ्यांदा अर्ज केला, तोही नाकारला. कारण सांगत नाहीत. आता किळालीच्या खाडीतून बोटीने येणाऱ्यांबरोबर जमतंय का ते बघतोय. तिथे नौदल बोटींचं काय करतं ते तुला माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तुला शंका आली ती बरोबर आहे. मी कमी बोलतोय. का, ते तिथे येऊन सांगेन. कागदावर नाही.

तोपर्यंत एवढंच कर. नवऱ्याला सांग, चालवताना उजवा पाय तिरका ठेवायचा, टाचेने रेस आणि चवड्याने ब्रेक. थांबायचं, पण रेस सोडायची नाही. गाडी बंद पडणार नाही. आणि मार्कंडूला गाडीजवळ फिरकू देऊ नका. माझी शपथ घाल. हुंड्याचं तो लिहितोय ते मी वाचलं, गिळलं. तो विषय नंतर.

तुझा अण्णा


करवेट्टी
३० एप्रिल

अण्णा,

शपथ पोचली. तिला हँडल मारता येतं का?

मोठ्या हॉस्पिटलाने मणीला एकदा आधी बघायचंय म्हणून निरोप दिला. रक्त तपासून ठेवायचं होतं. आम्ही सकाळी निघालो. तुमची टाच-चवड्याची युक्ती घरापासून वल्लैपर्यंत चालली, हे कबूल करतो. वल्लैचं उघडं माळरान तुम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंना खारट चिखल, झाड म्हणून नाही. मधोमध गुरं आडवी आली. मी टाचेने रेस आणि चवड्याने ब्रेक धरला, आणि एक वासरू गाडीखालीच येतंय असं दिसल्यावर माझा पाय माझा राहिला नाही. गणिताच्या मास्तराचा पाय आहे तो. ब्रेक पूर्ण दाबला गेला, रेस सुटली, आणि गाडी मेली.

उतरलो. थेंब घातले, हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं. तेवढ्यात दक्षिणेकडून लष्करी हेलिकॉप्टरचा आवाज. घाईत तिसऱ्यांदा मारलं तर हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला त्या सगळ्या गोंगाटातही ऐकू आला. मणीला उतरवलं. आम्ही रस्त्याच्या कडेला चिखलात पडलो. ती पोटावर झोपू शकत नाही. कुशीवर वळून गाडीकडे बघत होती. हेलिकॉप्टर एक फेरी मारून गेलं. त्यांना गाडी मोडीत टाकलेली वाटली असावी. सायकलवरून लाकडं नेणाऱ्या एका माणसाने हँडल मारून दिलं आणि आम्ही घरी परतलो. तपासणी झालीच नाही.

उजवा हात गळ्यात अडकवलाय. डॉक्टर म्हणतात, जुलैपर्यंत जोर लावायचा नाही. मणीचे दिवस जूनच्या मध्यावर भरतायत. म्हणजे त्या दिवशी गाडी एकदा बंद पडली तर ती चालू करणारं घरात कोणी नाही. एक मोडका हात आणि एक दिवस भरलेली बाई.

मार्कंडूला पोरांनी वन्नीच्या जंगलात नेलंय, मेअखेर परत येईल. येईल त्या दिवशी तो बॉनेट उघडेल. गाडी तुमची असेल, अण्णा. आत बसणारी माझी आहे.

शिवनेसन


कोटहेना
१९ मे

शिवनेसन, मणी,
आणि हे पाकीट मध्येच उघडून वाचणारे तुम्ही, जे कोणी असाल ते,

खाडी बंद आहे. तिकडे जाणारा एकही माणूस सापडत नाही, की ज्याच्या कानात सांगून पाठवावं. शोधायचं थांबवलं. म्हणून जे तोंडी सांगायचं होतं ते आता सगळ्यांदेखत लिहितो.

गाडीला काहीही झालेलं नाही. मी निघण्यापूर्वी ती मुद्दाम तशी करून ठेवली.

शिवनेसन, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एक पॅकिंग असतं, बिस्किटाएवढं. त्याच्या इंजिनाकडच्या बाजूने मी अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापला. बाहेरून दिसत नाही. तिथून इंजिन फुकटची हवा ओढतं. गाडी पळत असताना ती हवा कोणाच्या खिजगणतीत नसते, पण इंजिन हळू झालं की तीच जड होते आणि रॉकेल कमी पडतं. म्हणून बंद पडते. मी हे का केलं ते तुला मैदानावर दिसलं. तुला दिसलं नाही, तू मान खाली घातली होतीस. आरुमुगमची व्हॅन चांगली चालत होती म्हणून गेली. आपली कोंबड्यांच्या लायकीची होती म्हणून आपल्याकडे राहिली. तुला मी आधी सांगितलं नाही, कारण तुला खोटं बोलता येत नाही. मैदानावर तुझा चेहरा खरोखरच पडायला हवा होता. आणि मार्कंडूने कार्बोरेटर उतरवला असता तर एका नजरेत ओळखलं असतं. मग त्याच्या मालकांनाही कळलं असतं.

ऐन दिवशी मी स्वतः पॅकिंग बदलणार होतो. मी तिथे नसेन, हे मी धरलंच नव्हतं. हिशेब तिथे चुकला.

आता कर. दोन नट, डावीकडचा आधी. कार्बोरेटर उचल. जुनं पॅकिंग बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरव, नवीन काप, पण माझं नख भरून काढ. दोन्ही बाजूंना अंगाचा साबण घट्ट चोळ. साबणाला रॉकेल खात नाही. बसव, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळ. इंजिन पूर्ण तापू दे. मग स्लोचा स्क्रू इतका कमी कर, की तुला भीती वाटेल. ती बंद पडणार नाही.

मणी, डाव्या हाताने नट आवळत असताना त्याला बोलू नको.

आता तुम्ही, वाचणारे. आता तुम्हाला कळलं की करवेट्टीत शिवनेसन मास्तरांच्या दारात एक चांगली गाडी आहे. न्यायची असेल तर न्या. मी अडवायला तिथे नाही, आणि असतो तरी काय केलं असतं. पण हे पत्र आधी पोचवा. जूनच्या मध्याच्या आत. पत्र दाबून ठेवलंत तर गाडीही तुमच्या कामाची राहणार नाही, आणि माझी बहीण त्या माळरानात रस्त्यावर राहील. ती बाळंत होऊन घरी आली, की मग काय ते बघा. एवढंच मागतोय.

सिन्नत्तुरै

(पत्राच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, गोल वळणदार अक्षरात)

वाचलं. हे थैलीतून वेगळं काढून पुढे पाठवतेय. गाडीसाठी नंतर येईन.


करवेट्टी
४ जुलै

अण्णा,

हे पत्र मी लिहितेय यावरून निम्मं तुला कळलंच असेल. बाकीचं निम्मं माझ्या मांडीवर आहे. मुलगी. कान आपल्या आईसारखे, रंग यांचा.

तुझं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. पाकीट उघडलेलं, वर कोणीतरी दोऱ्याने बांधलेलं. यांनी ते उभ्याने वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग मागची पेन्सिल वाचली. मग म्हणाले, “तुझ्या भावाने मला अख्ख्या गावासमोर गाढव केलं आणि तेच बरोबर होतं.” हे मी जसंच्या तसं लिहितेय, कारण यापेक्षा जास्त माफी तुला त्यांच्याकडून मिळेल असं वाटत नाही. मार्कंडू अजून वन्नीतच अडकला होता, त्याला निरोप धाडला, येऊ नको, गाडी विकायची ठरवलीय.

घरात अंगाचा साबण नव्हता. एक वडी होती, ती मी बाळाच्या पहिल्या आंघोळीसाठी भाताच्या मडक्यात लपवून ठेवली होती. त्यातली अर्धी पॅकिंगला गेली. हे डाव्या हाताने नट आवळत होते. मी बोलले नाही. फक्त पाना धरून राहिले.

मग चालू केली. शेजारच्या कंदैयाने हँडल मारलं. तापू दिली, स्क्रू कमी केला, आणखी कमी केला. हे पाय उचलून गाडीतून उतरले, बॉनेटजवळ येऊन उभे राहिले, आणि ती तशीच चालू. अण्णा, यांनी माझ्याकडे बघितलं ते आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या, दुपारी. कंदैयाने चालू करून दिली, पण तो बरोबर येऊ शकला नाही, त्याची आई एकटी. वल्लैच्या अलीकडे झाडी आहे तिथे पोचलो तर समोरून सायकलवाले उलटे येत होते. हेलिकॉप्टर माळरानावर फिरतंय, म्हणाले, थांबा. थांबलो. आता बंद पडली तर चालू करणारं कोणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मागच्या सीटवर आडवी. इंजिन इतकं हळू चालत होतं, की एकदा मला वाटलं गेलीच, आणि मी यांना विचारलं. ते म्हणाले, खिडकीच्या काचेला हात लाव. लावला. काच थरथरत होती. मग मी हात काढलाच नाही. कळ आली की काच धरायची, कळ गेली की काच चालू आहे का बघायचं. हेलिकॉप्टर गेलं, आलं, पुन्हा गेलं. सावली रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला पोचली. ती बंद पडली नाही. मग आम्ही माळरान ओलांडलं, आणि हॉस्पिटलच्या फाटकात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एकच.

यापुढचं तू विचारणार, म्हणून सांगते.

आम्ही घरी आलो आणि थोड्याच दिवसांनी एक मुलगी सायकलवरून आली. वेण्या डोक्याभोवती बांधलेल्या, माझ्या धाकट्या नणंदेच्या वयाची. यांना म्हणाली, मास्तर, पत्र मी वाचलं होतं. एवढंच. यांनीही जास्त विचारलं नाही. कंदैयाला बोलावून गाडी चालू करून दिली. इंजिन तापेपर्यंत थांबा, असं तिला सांगितलं, आणि बाकी सगळं सांगितलं, नळी कुठे तापते, चढाला काय करायचं, जणू मुलीला सासरी पाठवतोय. मग तिने विचारलं, बाळ बघू का.

विहिरीवर हात धुतले, बंदूक भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसून बाळाला घेतलं. धरता येत नव्हतं, मी मानेखाली हात कसा घालायचा ते दाखवलं. बाळ तिच्या वेणीकडे बघत राहिलं. ती उठायला तयार नव्हती.

गाडी फाटकाबाहेर चालूच होती. आत कोणी नाही, जवळ कोणी नाही. हे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. इतके महिने आम्ही जीव आटवला तो ती बंद पडू नये म्हणून. आणि तेव्हा, अण्णा, दोघंही फाटकाकडे कान लावून बसलो होतो, की आता तरी खोक, अंग झाड, मर एकदाची.

ती आपली चालतच राहिली.

मणी